अळी मरत नाही, खाणे सोडते

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या सांवेरजवळच्या शेतात हरभऱ्यावर निंबोळी अर्काची फवारणी झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दादांचा इंदूरला फोन आला. दादा म्हणजे आमची जमीन अनेक वर्षे बटाईने करणारे शेतकरी. वयाने ते माझ्याहून मोठे आहेत आणि आमच्या घरातली सगळी मंडळी त्यांना दादाच म्हणतात. त्यांनी एवढेच सांगितले, “मॅडमजी, इल्ली तो जिंदा है.” त्या वाक्यात तक्रार नव्हती, पण पहाटेपासून खपून गाळलेला अर्क वाया गेल्याचे दुःख स्पष्ट ऐकू येत होते. मी दुपारीच रामबागेतून निघाले आणि चार वाजेपर्यंत शेताच्या बांधावर पोहोचले.

अळ्या खरोखरच जिवंत होत्या. मात्र आम्ही दोघांनी ओळीत उकिडवे बसून पंधरावीस झाडे नीट पाहिली, तेव्हा आणखी काही गोष्टी दिसल्या. लहान अळ्या कोवळ्या शेंड्यांवर होत्या, पण त्या शेंड्यांची पाने नव्याने कुरतडलेली नव्हती. पानांवर अळीची ताजी ओलसर विष्ठा नव्हती. जी होती ती वाळलेली आणि काळी पडलेली होती. बोटाने हलवल्यावर अळी चटकन वळून जाते तशी ती वळत नव्हती. बांधापलीकडच्या ओळी आम्ही मुद्दाम फवारणीविना ठेवल्या होत्या. तिथे मात्र पाने जाळीदार झाली होती आणि विष्ठा ताजी होती. दादांनी दोन्हीकडच्या डहाळ्या तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिल्या. निंबोळी अर्काविषयी मला जे सांगायचे आहे ते सगळे त्या दोन डहाळ्यांत आहे: या अर्काची परीक्षा मेलेल्या अळ्या मोजून होत नाही, वाचलेली पाने मोजून होते. ज्याला हे आधी सांगितलेले नसते, तो तिसऱ्या दिवशी निराश होऊन दुकानातून जहाल औषध आणतो आणि निंबोळीला कायमचे नाव ठेवतो.

मी इंदूरच्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर सासऱ्यांच्या सात एकरांकडे लक्ष द्यायला वेळ मिळाला आणि तेव्हा कळले, की वर्गात फळ्यावर काढलेला रेणू आणि बादलीत भिजत घातलेली निंबोळी यांच्यामध्ये पुष्कळ अंतर असते.

रेणूचे नाव अझाडिरॅक्टिन. कडुनिंबाच्या बीमधून तो शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात १९६८ मध्ये इंग्लंडमधील बटरवर्थ आणि मॉर्गन या दोन संशोधकांना यश आले, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेली कसोटी मला आजही फार सुंदर वाटते: बीच्या अर्काचा कोणता भाग लावला असता वाळवंटी टोळ खाणे सोडतो, हे ते पाहत गेले आणि त्या मागावर रेणूपर्यंत पोहोचले. म्हणजे या रेणूची पहिली ओळखच “मारणारा” अशी नसून “खाऊ न देणारा” अशी आहे. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची, की ती निश्चित व्हायला १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला, आणि केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले यांच्या गटाला तो प्रयोगशाळेत संपूर्णपणे तयार करता आला तो २००७ मध्ये, २२ वर्षांच्या प्रयत्नांनंतर. आपल्या बांधावरचे झाड दर उन्हाळ्यात हेच काम गाजावाजा न करता उरकते, हे वर्गात सांगताना मला नेहमी भरून येत असे.

हा रेणू अळीच्या शरीरात दोन प्रकारे काम करतो. पहिला परिणाम तोंडाजवळच होतो: अळीच्या मुखावयवांवरील चव ओळखणाऱ्या पेशींना तो नकोसा वाटतो आणि ती खाणे थांबवते. दुसरा परिणाम सावकाश होतो. अळी वाढताना अनेकदा कात टाकते आणि ती कधी टाकायची हे तिच्या शरीरातील संप्रेरके ठरवतात. अझाडिरॅक्टिन पोटात गेल्यास त्या संप्रेरकांचे वेळापत्रक बिघडते, कात अर्धवट निघते, कोष नीट होत नाही, आणि झालाच तर त्यातून बाहेर पडणारा पतंग व्यंग घेऊन येतो किंवा फारशी अंडी घालू शकत नाही. याशिवाय फवारलेल्या झाडावर मादी पतंग अंडी घालायलाही कचरते. या सगळ्याला दिवस लागतात. मोठ्या झालेल्या अळीवर परिणाम कमी होतो, कारण तिचे खाणे बहुतेक उरकलेले असते आणि टाकायच्या काताही थोड्याच उरलेल्या असतात. म्हणून अर्काची वेळ चुकली की अर्कच चुकला असे होते.

टोळांचा विषय निघाला आहे म्हणून थोडे विषयाच्या कडेने जाते. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर १९५९ मध्ये सुदानमध्ये होते. टोळधाड येऊन गेल्यावर आजूबाजूचे सगळे हिरवे फस्त झाले असताना कडुनिंबाची झाडे तेवढी हिरवी उभी राहिलेली त्यांनी पाहिली. त्यानंतर १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे अवघे ०.१ टक्का पाणी पिकांवर फवारले, आणि टोळ त्या पिकांवर उतरूनही त्यांनी ती खाल्ली नाहीत. २०२० च्या मे महिन्यात राजस्थान ओलांडून टोळधाड नीमच आणि मंदसौरच्या बाजूने माळव्यात शिरली, तेव्हा गावोगाव थाळ्या वाजवल्या जात होत्या आणि मला दिल्लीच्या त्या शेतांची आठवण होत होती.

आता पहिल्या वर्षी आमचे काय चुकले ते सांगते, कारण बहुतेकांचे तेच चुकते. आम्ही एका व्यापाऱ्याकडून निंबोळी विकत घेतली. ती प्लास्टिकच्या पोत्यांत होती आणि फोडल्यावर आतला गर पिवळट तपकिरी, खवट वासाचा निघाला. काही बियांवर हिरवट बुरशी होती. मला तेव्हा शंका यायला हवी होती. रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला तर नक्कीच. ती निंबोळी किमान वर्षभर जुनी असावी आणि बहुधा कडक उन्हात डांबरी रस्त्यावर वाळवलेली असावी. आम्ही ती दळली, भिजवली, ट्यूबवेलच्या पाण्यात मिसळली आणि भर दुपारी फवारली. अळ्यांनी हरभरा त्या वर्षी यथेच्छ खाल्ला. दादांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि त्यामुळे मला अधिक वाईट वाटले.

चांगला अर्क जूनमध्ये सुरू होतो, डिसेंबरमध्ये नव्हे. आमच्याकडे निंबोळी पिवळी पडून गळायला लागते ती पावसाच्या तोंडावर, आणि माळव्यात नेमकी त्याच वेळी सोयाबीनच्या पेरणीची घाई असते. शेतातला प्रत्येक हात तेव्हा पेरणीकडे वळलेला असतो. निंबोळी वेचायला कोणाला सवड नसते आणि ती झाडाखालच्या चिखलात कुजते. निंबोळी अर्काचा प्रसार न होण्याचे खरे कारण मला हेच वाटते. लोकांना माहिती नाही असे नाही, लोकांना त्या पंधरा दिवसांत वेळ नाही. त्यातच २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे सक्तीचे झाले, त्यामुळे निंबोळीला गिऱ्हाईक मिळू लागले. वेचणारी बाई ती विकून टाकते आणि शेतकऱ्याच्या कोठीत काही उरत नाही. यात तिची चूक काहीच नाही. तिच्या हातात पैसे येतात, हे चांगलेच आहे. आपल्याला निंबोळी हवी असेल तर आपणही तिला रास्त दाम द्यावा, एवढेच मी म्हणेन.

दादांच्या सूनबाईंनी यावर जो तोडगा काढला तो कोणत्याही पुस्तकातल्यापेक्षा सरस आहे. जुन्या साड्या जोडून त्या झाडाखाली पसरतात आणि सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा गोळा करतात, त्यामुळे फळ मातीला लागतच नाही. पिकलेले फळ पाण्यात चोळून साल आणि गोड गर काढून टाकायचा, बी स्वच्छ धुवायची, आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ पसरून वाळवायची. फळातला तो गोड गर राहिला तर बी आंबते आणि बुरशी धरते, आणि बुरशी लागलेल्या निंबोळीत अफ्लाटॉक्सिनसारखी विषे तयार होऊ शकतात. वाळलेली बी गोणपाटाच्या पोत्यात किंवा टोपलीत ठेवावी. प्लास्टिकमध्ये तिला वाफ धरते. जून-जुलैची निंबोळी ऑगस्टमध्ये सोयाबीनला आणि डिसेंबरमध्ये हरभऱ्याला वापरली की ती योग्य वयात वापरली जाते. पुढचा पावसाळा पाहिलेली निंबोळी आम्ही आता अर्काला घेत नाही, ती सरळ खतात टाकतो. चांगल्या बीचा गर फोडल्यावर हिरवट दिसतो; तपकिरी दिसला की ती बाजूला काढावी.

प्रमाण सगळ्यांना पाठ असते, “५ टक्के निंबोळी अर्क”, पण त्यात एक घोटाळा आहे. ५ टक्के म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो गर. इथे गर म्हणजे फळाचा गोड गर नव्हे, टरफलाच्या आतला बीचा दाणा. बीचे साधारण निम्मे वजन टरफलाचे असते, म्हणून टरफलासकट दळत असाल तर जवळजवळ दुप्पट, म्हणजे १० किलो घ्यावी लागते. आता हिशेब पाहा. चांगल्या गरात अझाडिरॅक्टिन ०.२ ते ०.६ टक्के असते. ०.३ टक्के धरले तर ५ किलो गरात १५ ग्रॅम झाले, आणि ते सगळेच्या सगळे उतरले असे मानले तरी १०० लिटर पाण्यात लिटरमागे ०.१५ ग्रॅम एवढेच येते. इतक्या थोड्या वस्तूवर आपली भिस्त असेल तर ती वाटेत सांडू नये याची काळजी घेणे ओघानेच आले. जुनी बी घेतली, ऊन लागू दिले, चोथा नीट पिळला नाही, खारे पाणी वापरले, की या १५ ग्रॅमांतले पाचही पानापर्यंत पोहोचत नाहीत आणि दोष कडुनिंबाला दिला जातो.

कृती अशी. गर फवारणीच्या आदल्या दिवशी जाडसर कुटावा. फार बारीक पीठ केले तर ते फडक्यातून गाळता येत नाही आणि पंपाचे नोझल तुंबवते. कुटलेला गर फडक्यात सैल बांधून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी ते गाठोडे पाण्यात दाबून दाबून पिळावे आणि पाणी दुधाळ झाले की गाळून घ्यावे. इथेच बहुतेक लोक थांबतात, आणि माझ्या मते मोठी चूक इथेच होते. अझाडिरॅक्टिन पाण्यात फार विरघळणारे नाही. पहिल्या दहा लिटरांत ते सगळे उतरावे ही अपेक्षाच चुकीची आहे. तोच चोथा पुन्हा नव्या पाण्यात घालून पिळावा, आणि आणखी एकदा. तिसऱ्या पाण्याचा रंग जवळजवळ जातो, तेव्हा थांबावे. सगळी पाणी एकत्र करून १०० लिटर भरावी. पाणी तापवू नये. उकळून अर्क “कडक” होतो ही समजूत चहाला लागू आहे, निंबोळीला नाही, कारण उष्णतेने हा रेणू मोडतो. उरलेला चोथा आम्ही लसणाच्या वाफ्यांत टाकतो.

पाण्याविषयी मला जरा सविस्तर सांगायचे आहे. माळव्याच्या काळ्या पाषाणातून येणारे ट्यूबवेलचे पाणी जड असते आणि अनेकदा क्षारधर्मीही असते. अझाडिरॅक्टिन किंचित आम्ल पाण्यात टिकते आणि क्षारधर्मी पाण्यात लवकर मोडते. मी सामू (पीएच) पाहण्याच्या पट्ट्या घेऊन गेले तेव्हा आमच्या पाण्याची पट्टी हिरव्यानिळ्या बाजूला झुकली. आता आम्ही पिंपात लिंबाचा रस पिळतो आणि पट्टी ६ च्या आसपास आली की अर्क मिसळतो. दुसरी गोष्ट साबणाची. अर्क पानावर पसरून चिकटावा म्हणून त्यात साबण घालायला सांगतात, १०० लिटरांना साधारण २०० ग्रॅम. जड पाण्यात साध्या साबणाचा चुन्याशी संयोग होऊन पांढरा साका बसतो. तो पानाला चिकटत नाही, नोझलमध्ये मात्र अडकतो. त्या जागी आम्ही रिठे भिजवून त्यांचे पाणी घालतो. रिठ्याचा फेस जड पाण्यातही टिकतो आणि तो पाण्याला क्षारधर्मीही करत नाही. आजीने रिठ्याने धुतलेल्या रेशमी साड्या आठवतात, तेच काम इथे पानांवर होते.

फवारणी ऊन उतरल्यावर करावी. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपुढे हा रेणू दोनचार दिवसांत निकामी होतो, आणि दुपारी फवारले तर पहिला दिवस उन्हातच जातो. संध्याकाळी फवारल्याने अळीच्या रात्रीच्या खाण्याआधी अर्क पानावर असतो आणि मधमाश्याही घरी गेलेल्या असतात. अर्क त्याच दिवशी संपवावा, साठवू नये. ८-१० दिवसांनी पुन्हा पाहणी करून दुसरी फवारणी ठरवावी.

हरभऱ्यात नेमकी वेळ कोणती, हे घाटेअळीच्या सवयींवरून ठरते. तिची मादी कोवळ्या पानांवर आणि कळ्यांवर एकेक सुटे अंडे घालते, त्यामुळे अंडी सहज नजरेला पडत नाहीत. अळी आधी पाने खाते, मग घाट्यात, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगेत, डोके खुपसून शरीर बाहेर ठेवून दाणा फस्त करते, आणि एक अळी आपल्या आयुष्यात ३० ते ४० घाटे रिकामे करू शकते. ती घाट्यापर्यंत पोहोचल्यावर अर्क मारण्यात अर्थ नाही. निम्मे पीक फुलोऱ्यात आले की पहिली फवारणी निंबोळी अर्काची, हीच ती वेळ. तोवर शेतात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे लावलेले असावेत. आमच्याकडे त्यांवर कोतवाल आणि साळुंक्या बसतात आणि मोठ्या अळ्यांचे काम त्या बघतात. जहाल कीटकनाशक मारलेल्या शेतात हे पाहायला मिळत नाही. निंबोळी अर्काचा त्रास प्रामुख्याने पान खाणाऱ्याला होतो. कोळी, ढालकिडे, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळ्या हे आपले मदतनीस पान खात नाहीत, म्हणून ते बहुतांशी वाचतात.

घाटेअळीला औषधे पचवण्याची विलक्षण ताकद आहे. १९८७ च्या हंगामात आंध्रातील कापसावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके फवारूनही ही अळी आटोक्यात येईना, तेव्हा तिच्यात प्रतिकारशक्ती आल्याचे उघड झाले. आपल्या दुकानांतून दर दोनतीन वर्षांनी “नवीन” बाटली येते ती याचमुळे. निंबोळीबाबत एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो: मावा किडीच्या ४० पिढ्या शुद्ध अझाडिरॅक्टिनवर वाढवल्या असता तिच्यात सहनशक्ती आली, परंतु तेवढ्याच पिढ्या कडुनिंबाच्या बीच्या अर्कावर वाढवल्या असता ती आली नाही. बीमध्ये अझाडिरॅक्टिनबरोबर सॅलॅनिन, निंबिन अशी अनेक कडू द्रव्ये असतात आणि एवढ्यांशी एकाच वेळी जुळवून घेणे किडीला अवघड जाते. म्हणून घरचा गढूळ अर्क हा बाटलीतल्या शुद्ध अर्काचा गरीब भाऊ आहे असे मला वाटत नाही. बाटलीचा फायदा दुसरा आहे: तिच्यावर ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असे अझाडिरॅक्टिनचे प्रमाण लिहिलेले असते, घरच्या अर्कात ते दर वर्षी, दर झाडागणिक बदलते. ज्यांना निंबोळी मिळत नाही त्यांनी नोंदणीकृत बाटली घ्यावी, परंतु तारीख पाहून. निंबोळीचे तेल आणि निंबोळीचा अर्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही दुकानात गेल्यावर लक्षात ठेवावे. घाण्यातून काढलेल्या तेलात अझाडिरॅक्टिन थोडेच उतरते.

पेटंटचा जुना वाद अनेकांना अर्धवट आठवतो, म्हणून दोन वाक्ये. युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये कडुनिंबाच्या बीच्या अर्काचा बुरशीनाशक म्हणून वापर करण्याचे पेटंट अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला दिले होते. वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली, हे आमच्याकडे आधीपासून होत आले आहे असे पुरावे मांडले गेले, २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि ८ मार्च २००५ रोजी अपीलही फेटाळले गेले. भारतातील शेतात झालेल्या साध्या वापराची नोंद कोणीतरी ठेवली होती म्हणून ते शक्य झाले. मी शेतातल्या फवारण्यांची वही ठेवते त्यामागे हेही एक कारण आहे.

अर्क कुठे चालत नाही, हे सांगितल्याशिवाय हे लेखन प्रामाणिक होणार नाही. सोयाबीनवर चक्रभुंग्याची मादी देठावर किंवा खोडावर दोन चकत्या कापून त्यांच्यामध्ये अंडे घालते आणि अळी आतून खोड पोखरते. अळी एकदा आत गेली की बाहेरून फवारलेली निंबोळी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, खोडमाशीचेही तसेच. तिथे चकती पडलेला भाग वेळीच तोडून नष्ट करणे हाच आमचा मुख्य उपाय आहे. उंटअळी आणि तंबाखूवरील पाने खाणारी अळी लहान असताना अर्क चांगला उपयोगी पडतो, पण ऑगस्टची झड लागली की धुऊन जातो. आणि अळ्यांचा उद्रेक होऊन गेला असेल, मोठ्या अळ्या घाट्यांत शिरल्या असतील, तर निंबोळीवर हट्ट धरून पीक गमावू नये. एका वर्षी आम्हाला शेवटी रासायनिक फवारणी करावी लागली. मला ते आवडले नाही, पण दादांच्या घरचे वर्षाचे उत्पन्न माझ्या आवडीनिवडीवर पणाला लावण्याचा मला अधिकार नव्हता.

सात एकरांना एकदा फवारायचे तर एकरी २०० लिटरांच्या हिशेबाने ७० किलो गर, म्हणजे जवळपास १४० किलो वाळलेली बी लागते. आमच्या बांधावरच्या झाडांखाली वेचून एवढी कधीच जमत नाही. म्हणून आम्ही डॉलर चण्याच्या, म्हणजे टपोऱ्या काबुली हरभऱ्याच्या, तीन एकरांपुरतीच निंबोळी राखतो.

कडुनिंबाच्या यशाने धीर येऊन मी दुसऱ्या बियांकडे वळले आणि तिथे मला एक धडा मिळाला. ऑक्टोबरमध्ये मांडूच्या बाजूने सीताफळे इंदूरच्या रस्त्यांवर येतात आणि घरोघर वाटीभर बिया कचऱ्यात जातात. या बियांत अॅसिटोजेनिन नावाची द्रव्ये असतात. ती कीटकांच्या पेशींतील ऊर्जा तयार करण्याची यंत्रणाच बंद पाडतात, त्यामुळे निंबोळीहून त्यांचा परिणाम जलद आणि मारक असतो. आपल्या आज्या उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड वापरत, तिचे रहस्य हेच. मी बिया मिक्सरमध्ये दळल्या, झाकण उघडले, बारीक धूळ उडाली आणि डोळ्यांत गेली. डोळे लाल झाले, आग थांबेना, प्रकाश सहन होईना. डॉक्टरांनी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा झाल्याचे सांगितले आणि बरे व्हायला कित्येक दिवस गेले. डोक्याला ही पूड लावताना डोळ्यांत जाऊन असेच झालेली माणसे त्यांनी पाहिलेली होती. त्यानंतर मी सीताफळाची बी घरात दळलेली नाही, आणि कोणाला दळायची असेल तर चश्मा आणि मास्कशिवाय दळू नये, घरातल्या स्वयंपाकाच्या मिक्सरमध्ये तर मुळीच नाही.

“नैसर्गिक आहे, अपाय नाही” हे वाक्य मी या अनुभवानंतर सोडून दिले. धोतऱ्याची बी नैसर्गिक आहे, एरंडीच्या बीतील रिसीनही नैसर्गिक आहे, मोहाची पेंड तळ्यात टाकली की मासे मरून वर येतात तेही नैसर्गिकच. दशपर्णीच्या, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्काच्या, नावाखाली हाती येईल ती विषारी बी आणि पाला एका पिंपात कुजवून भाजीपाल्यावर मारणारे लोक मला भेटतात, तेव्हा काळजी वाटते. निंबोळी अर्कही मासे असलेल्या तळ्यात किंवा विहिरीत सांडू नये, पंप तिथे धुऊ नये, आणि फवारताना नाकातोंडाला फडके असावे. करंजाच्या बीकडे मी थोड्या आशेने पाहते. तिच्यातील करंजिन इतर कीटकनाशकांचा परिणाम वाढवते असे आढळले आहे आणि करंजाची झाडे इंदूरच्या रस्त्यांच्या कडेला पुष्कळ आहेत. यंदा लसणावरच्या फुलकिड्यांसाठी निंबोळी अर्कात करंजाचे थोडे तेल मिसळून दोन वाफ्यांवर पाहायचे ठरवले आहे. दोन वाफे नुसत्या निंबोळीचे आणि दोन कोरे.

सूनबाईंचा काल संध्याकाळी फोन आला होता. विहिरीजवळच्या झाडाची निंबोळी पिवळी पडू लागली आहे, साड्या जोडून तयार आहेत, गोणपाटाची पोती मात्र चारच उरली आहेत. उद्या सियागंजातून दहा पोती घेऊन मी सकाळच्या बसने सांवेरला जाणार आहे, आणि पाऊस अजून दोन दिवस थांबला तर पहिली खेप सावलीत पसरून परत येईन.